दहा पौंडांचे बेट

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही धर्मग्रामाच्या कचेरीत येऊन बसलो होतो. एवढ्यात गावातले एक वयोवृद्ध बागायतदार हातात इंग्रजी कागदाची घडी घेऊन आत आले. एका कंपनीला त्यांच्या वाडीतून जमिनीची एक पट्टी हवी होती. तसलेच कागद आजूबाजूच्या चार घरांतही आले होते. मात्र प्रत्येक कागदावरचा मोबदल्याचा आकडा निराळा होता. शेजाऱ्याला सांगू नका, हा दर केवळ तुमच्यासाठी आहे, असे कागद देणाऱ्या तरुणाने पाचही घरी सांगितले होते. आम्ही कागद वाचून त्याचा अर्थ उलगडून सांगितला. बाबांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "फादर, ते सगळं कळलं. पण ही कंपनी म्हणजे नेमकं कोण? उद्या भांडण झालं तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

कागदाखाली सही होती, पण सही करणारा साहेब तोवर बदलून गेला होता. कागद आणणारा तरुण नम्र होता, पण त्याच्या हाती काहीच नव्हते. त्याच्या वरच्याच्या हातीही नसावे. आम्ही बाबांना एका परिचित वकिलांकडे पाठवले आणि आपल्या कर्तव्यातून मोकळे झालो. प्रश्न मात्र आमच्यापाशीच राहिला. जुनी पुस्तके चाळताना असे दिसले की, हा प्रश्न आपल्या किनाऱ्याला मुळीच नवा नाही. तीनशे वर्षांपूर्वी मुंबई बेटावरील ख्रिस्ती व अन्य रहिवाशांपुढे तो उभा राहिला होता आणि त्यांनी त्याला आपल्या परीने उत्तरही दिले होते. म्हणून हा लेखप्रपंच.

चमत्कारिक वाटेल, पण या प्रश्नाचा माग काढताना प्रथम जावे लागते ते फ्रान्समधील लियाँ या नगरीत, १२४५ सालच्या विश्वपरिषदेकडे. तेव्हा परमपीठावर चौथे इनोसंट होते. पूर्वाश्रमीचे सिनिबाल्डो फिएस्की. जन्माने जिनोव्हाचे, म्हणजे व्यापाऱ्यांच्या नगरीतले, आणि पेशाने धर्मकायद्याचे गाढे पंडित. त्या काळी एखादे नगर किंवा मठमंडळी बिशपांच्या विरोधात गेली की, संपूर्ण संस्थेवरच धर्मबहिष्कार घातला जाई. त्यात निरपराध माणसेही भरडली जात. पोपमहाशयांनी या प्रथेला आळा घातला. संस्थेवर बहिष्कार घालू नये, अपराध ज्याचा असेल त्याच्यावर घालावा, असा निर्णय त्यांनी दिला. आपल्या भाष्यात त्यांनी आणखी एक विचार मांडला: अनेक जणांची मिळून झालेली संस्था ही कायद्याच्या सोयीसाठी जणू एक व्यक्ती आहे असे कल्पावे. ती कल्पित व्यक्ती आहे. तिला आत्मा नाही. मग तिला शिक्षा तरी कशी करणार?

सेमिनरीत धर्मकायदा शिकताना ही कल्पना आम्ही पाठ केली होती, आणि खरे सांगायचे तर परीक्षेनंतर विसरलोही होतो. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्राम ही अशीच एक कायदेशीर व्यक्ती आहे. ती स्वभावतः चिरंतन असते; धर्मगुरू येतात, जातात, धर्मग्राम राहतो. प्रमुख धर्मगुरू तिच्या वतीने सही करतो. तेव्हा आमच्या कचेरीत बसून कंपनी म्हणजे कोण असे विचारणाऱ्या बाबांसमोर, एका अर्थाने, कंपनीची थोरली बहीणच बसलेली होती! ख्रिस्तसभेने ही कल्पना निरपराधांच्या रक्षणासाठी घडवली. पुढे व्यापाऱ्यांनी ती उचलली, आणि तिचा उपयोग नेमका उलटा होऊ लागला.

३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथ हिने लंडनच्या दोनशेहून अधिक व्यापाऱ्यांना सनद दिली व ईस्ट इंडिया कंपनी जन्मास आली. सुरुवातीस ती एकेका सफरीपुरते भांडवल गोळा करी. गलबत परतले की हिशेब करून नफा वाटून घेई. १६५७ पासून मात्र तिचे भांडवल कायमचे झाले. भागधारक मेला तरी भाग मरत नसे. तो मुलाकडे जाई किंवा बाजारात विकला जाई. माणसाचे आयुष्य साठ-सत्तर वर्षांचे, कंपनीचे मात्र सनदेत लिहिले असेल तितके. या विषम जोडीचा सामना आपल्या भूमीवर प्रथम कोठे झाला, तर मुंबई बेटावर.

बेट पोर्तुगिजांचे होते. १६६१ च्या विवाह-तहाने ते ब्रागांझाच्या कॅथरीनबरोबर इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला आंदण म्हणून मिळाले. बेटावर राहू इच्छिणाऱ्या रहिवाशांना आपल्या कॅथलिक धर्माचे आचरण मोकळेपणाने करता येईल, असे आश्वासन तहात होते. १६६५ च्या फेब्रुवारीत राजाचे सैनिक उतरले. पण राजाला हे बेट परवडेना. तेव्हा २७ मार्च १६६८ च्या राजपत्राने त्याने ते कंपनीला देऊन टाकले. भाडे किती? वर्षाला दहा पौंड, सोन्याच्या नाण्यांत, दर ३० सप्टेंबरला. माहीमचे आगर, माझगावच्या वाड्या, परळची भातशेते, कोळ्यांचे बंदर, चर्चे, देवळे, मशिदी आणि या सर्वांत नांदणारी सुमारे दहा हजार माणसे, असा हा दहा पौंडांचा ऐवज होता. रहिवाशांना कोणी काही विचारले नाही. एका राजाने दुसऱ्या राजाला दिले, दुसऱ्याने व्यापाऱ्याला.

रहिवाशांचा पहिला झगडा जमिनीचा. पोर्तुगीज अमदानीत येथे फाझेंदारांच्या मोठमोठ्या जमिनी होत्या. इंग्रज अधिकाऱ्यांनी आल्या आल्या त्यांच्या कागदपत्रांत खोट काढून अनेकांच्या जमिनी जप्त केल्या. त्यावरून बेटावर मोठी अस्वस्थता माजली. १६६९ मध्ये जेरल्ड आँजियर हा गव्हर्नर झाला. माणूस दूरदर्शी होता. त्याच्यासमोर बेटाच्या 'पोवो'ने, म्हणजे रयतेने, आपली गाऱ्हाणी मांडली. १६७२ मध्ये बोलणी झाली आणि एक तोडगा निघाला: रहिवाशांनी मिळून कंपनीला दरसाल वीस हजार अशरफ्या (पोर्तुगीज 'शेराफिं') द्याव्या; बदल्यात कंपनीने जमिनींवरचे हक्क मान्य करावे आणि जप्ती थांबवावी. १६ जुलै १६७४ रोजी या करारावर शिक्कामोर्तब झाले. आँजियरचा करारनामा म्हणून तो इतिहासात प्रसिद्ध आहे.

आमच्या मते हा करारनामा आपल्या शाळांतील इतिहासात असावयास हवा होता. एका बाजूला बलाढ्य व्यापारी कंपनी, दुसऱ्या बाजूला राज्य गमावलेली, शस्त्र नसलेली रयत. आणि तरीही कंपनीला बोलणी करावी लागली. का? आँजियरच्या उदारतेमुळे, असे काही ग्रंथकार म्हणतात. उदारता असेल, पण खरे कारण कंपनीची अडचण हे होते. शिबंदी तोकडी, हवा रोगट, समोर सिद्दी, शेजारी साष्टीत पोर्तुगीज. बेट वसवावयाचे तर माणसे हवी होती, आणि असलेली माणसे साष्टी-वसईकडे निघून जाण्याची भीती होती. कंपनीला रयतेची गरज होती, म्हणून रयतेला किंमत होती. शिवाय रहिवासी एकेकटे गेले नाहीत. प्रत्येकाने आपापली जमीन सोडवण्यासाठी गव्हर्नरची मनधरणी केली असती, तर कोणाला थोडे मिळाले असते, कोणाला काहीच नाही. त्यांनी रक्कम सर्वांची मिळून एकच ठरवली.

परंतु पोवो म्हणजे सगळी रयत नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. बोलणीस बसले ते जमीनधारक. त्यांच्या शेतांत राबणारे कुणबी, मासे मारणारे कोळी, माडी काढणारे भंडारी यांच्या वतीने कोण बोलले? धारकांनी भरावयाचा पैसा शेवटी त्यांच्याच घामातून निघत होता. ही गोष्ट आम्ही पुढे पुन्हा उकरून काढणार आहोत.

याच सुमारास, म्हणजे १६७४ च्या जूनमध्ये, कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास हजर होता. नजराणा घेऊन गेला होता, पण पोटात व्यापार होता. त्याने मागितलेल्या कलमांपैकी बहुतेक महाराजांनी मान्य केली. कंपनीचे नाणे स्वराज्यात सक्तीने चालावे ही मागणी मात्र त्यांनी मानली नाही. नाणे चोख असेल तर ते आपल्या मोलाने चालेल, असा त्यांचा रोख होता. व्यापाऱ्याला व्यापार करू द्यावा, राज्य करू देऊ नये, ही मर्यादा त्यांनी ओळखली होती. पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आपल्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी सावधगिरीचा इशारा दिला. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या मागे एकेक राजा उभा आहे, असे त्यांचे निदान होते. पोर्तुगिजांच्या बाबतीत ते अचूक होते. इंग्रजांच्या बाबतीत वस्तुस्थिती याहून विलक्षण होती. त्यांच्या मागे राजा होता, पण पडद्याआड. पुढे होते ते लंडनच्या लेडनहॉल रस्त्यावरील एक दिवाणखाना आणि वर्षअखेरीस लाभांशाची वाट पाहणारे शेकडो भागधारक. राजाशी तह करता येतो, राजाला लाज असते, राजाला पुत्रशोक होतो. लाभांशाला यांपैकी काहीच होत नाही. पंतांसारख्या मुत्सद्द्यालाही अशा शत्रूची कल्पना येऊ नये, यात नवल नाही. तोवर असा शत्रू जगाने पाहिलाच नव्हता.

त्याचे स्वरूप पुढच्या दहा-पंधरा वर्षांतच मुंबईकरांना दिसले. लंडनमध्ये सर जोसाया चाइल्ड कंपनीचा सर्वेसर्वा झाला आणि त्याने काटकसरीचे धोरण आखले. मुंबईच्या शिबंदीचा पगार कापला गेला. तेव्हा २७ डिसेंबर १६८३ रोजी कॅप्टन रिचर्ड केजविन याने बंड करून किल्ला ताब्यात घेतला आणि कंपनीचा अंमल संपला, आता राज्य राजाचे, अशी द्वाही फिरवली. जवळजवळ अकरा महिने त्याने कारभार चालवला. छत्रपती संभाजी महाराजांशी करारही केला. राजाने मात्र आपल्या नावाने झालेले हे बंड उचलून धरले नाही. बेट कंपनीला परत द्या, असा हुकूम पाठवला. माफीच्या अटीवर केजविनने १६८४ च्या नोव्हेंबरात ताबा सोडला.

मग त्याच चाइल्डच्या धोरणाने कंपनीने औरंगजेबाशी युद्ध उकरून काढले. परिणाम असा की, १६८९ च्या फेब्रुवारीत जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईवर उतरला आणि वर्षाहून अधिक काळ माझगाव, माहीम हा सारा मुलूख त्याच्या टाचेखाली राहिला. कंपनीचे अधिकारी किल्ल्याच्या भिंतीआड होते. वाड्या लुटल्या गेल्या त्या रहिवाशांच्या. शेवटी कंपनीने दीड लाख रुपये दंड भरून बादशहाची क्षमा मागितली. ज्यांची घरे गेली त्यांची क्षमा कोणी मागितली नाही. उलट, सिद्दीला मदत केल्याचा आरोप ठेवून कंपनीने येशूसंघीयांच्या जमिनी जप्त केल्या. परळचे त्यांचे चर्च व मठ पुढे गव्हर्नरसाहेबांचे निवासस्थान झाले. आज हाफकिन संस्था आहे तीच ती वास्तू. वाचकांपैकी अनेकांनी तेथे लस टोचून घेतली असेल; जेथे उभे होतो तेथे कधी काळी मिस्सा होत असे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

जमिनीवरून कंपनी वेदीपर्यंत पोहोचली ती १७२० मध्ये. मुंबईतील चर्चे तोवर गोव्याच्या महागुरुस्वामींच्या अधिकाराखाली होती आणि तेथे फ्रान्सिस्कन धर्मगुरू सेवा करीत. त्यांची निष्ठा पोर्तुगालशी आहे असा संशय घेऊन कंपनीने त्यांना बेटाबाहेर काढले आणि चर्चे कार्मेलाईट संघाच्या हाती दिली. प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यांच्या मंडळाने कॅथलिकांचा धर्माधिकारी कोण हे ठरवावे, यासारखा विरोधाभास नाही. बरे, तो निर्णयही कायम राहिला नाही. १७८९ मध्ये कंपनीने चर्चे पुन्हा गोव्याला दिली. तक्रारी होताच निर्णय फिरवला. आणि १७९४ मध्ये ती दोन अधिकारांत वाटून टाकली. दुहेरी अधिकाराचा तो तिढा १९२८ पर्यंत सुटला नाही. एकाच गावातले, एकाच पंक्तीला बसणारे लोक दोन चर्चांत विभागले गेले. या भांडणात आपल्या धर्मगुरूंचाही दोष होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन्ही पक्ष आपली फिर्याद घेऊन कंपनीच्याच दारात जात होते. जो दारात बोलावतो त्याची सत्ता वाढते.

साष्टी कंपनीने १७७४ च्या डिसेंबरात मराठ्यांकडून घेतली आणि आपले बहुतेक बांधव तिच्या अमलाखाली आले. पण तोवर कंपनीचे खरे रूप बंगालमध्ये प्रकट झाले होते, आणि त्याविषयी चार शब्द लिहिल्यावाचून हा लेख पुढे जाऊ शकत नाही. १७५७ मध्ये प्लासीची लढाई झाली. १७६५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या बादशहाने बंगाल, बिहार व ओरिसा यांची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करण्याचा अधिकार, कंपनीला दिला. व्यापारी आता सरकार झाला. ही बातमी लंडनला पोहोचताच भागांच्या किमती चढल्या आणि १७६६ मध्ये लाभांश सहा टक्क्यांवरून दहा टक्के करण्यात आला. तीन वर्षांनी बंगालात पाऊस पडला नाही. १७६९-७० च्या त्या दुष्काळात प्रांताची एकतृतीयांश वस्ती नष्ट झाली, असा अंदाज खुद्द वॉरन हेस्टिंग्जने कळवला आहे. आकड्याबद्दल आज विद्वानांत वाद आहे. लक्षावधी माणसे मेली याबद्दल नाही. त्याच पत्रात हेस्टिंग्जने असेही कळवले की, दुष्काळानंतरच्या वर्षी, १७७१ मध्ये, साऱ्याची वसुली दुष्काळापूर्वीच्या, १७६८ च्या, वसुलीहून अधिक झाली. मेलेल्यांचा सारा जगलेल्यांकडून घेतला गेला.

या पापाचा धनी कोण? येथे म्हातारबाबांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. मुर्शिदाबादचा अधिकारी म्हणेल, मी कलकत्त्याचा हुकूम पाळला. कलकत्ता म्हणेल, लंडनने लाभांश मागितला. लंडनचे संचालक म्हणतील, भागधारकांनी आम्हाला निवडले. आणि भागधारक? इंग्लंडच्या एखाद्या खेड्यातील विधवा, एखादा निवृत्त धर्मोपदेशक. त्यांनी बंगाल नकाशातही पाहिला नसेल. पाप इतक्या जणांत वाटले गेले की, कोणाच्या वाट्याला पापनिवेदनाला जाण्याइतकेही उरले नाही. चौथ्या इनोसंट पोपमहाशयांनी सांगितले होते, संस्थेला आत्मा नाही, अपराधी माणूस शोधा. लेडनहॉल रस्त्याने पहिला अर्धा भाग तेवढा लक्षात ठेवला.

गंमत अशी की, एवढे करूनही १७७२ मध्ये कंपनीचे दिवाळे निघण्याची वेळ आली. सरकारने तिला चौदा लाख पौंडांचे कर्ज दिले आणि तिच्या गुदामांत पडून असलेला चहा अमेरिकेत खपावा म्हणून १७७३ मध्ये कायदा केला. बोस्टनच्या नागरिकांनी त्या डिसेंबरात तो चहा समुद्रात फेकला, ही कथा सर्वश्रुत आहे. मुर्शिदाबादचा शेतकरी आणि बोस्टनचा कारागीर यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. दोघांचा प्रतिपक्ष एकच होता.

पार्लमेंट मात्र जागे झाले. १७७३ चा नियामक कायदा, १७८४ चा पिटचा कायदा, आणि १७८८ पासून सात वर्षे चाललेला हेस्टिंग्जवरचा महाभियोग. त्यात फिर्यादी पक्षाचा अग्रणी होता एडमंड बर्क. त्याची आई आयर्लंडमधील कॅथलिक होती, हे येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. इतरांवर चालणारी प्रत्येक सत्ता ही विश्वस्ताची सत्ता आहे, आणि विश्वस्ताने हिशेब दिलाच पाहिजे, हा त्याचा युक्तिवाद. १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. तरीही कंपनीच्या कारभाराचा जाब उघड्या सभेत मागता येतो, हे तेथे प्रथमच सिद्ध झाले. १८३३ मध्ये कंपनीचा व्यापार बंद झाला, १८५८ मध्ये राज्य गेले. लाभांश मात्र गेला नाही! १८३३ च्या कायद्याने भागधारकांना साडेदहा टक्के हमखास मिळत राहिले, आणि तेही हिंदुस्थानच्या महसुलातून. व्यापार नसलेल्या, पुढे राज्यही नसलेल्या कंपनीच्या भागधारकांना साष्टीतला आगरी आणि वसईतला बागायतदार आपल्या साऱ्यातून चाळीस वर्षे पोसत होता. १ जून १८७४ रोजी कंपनी विसर्जित झाली.

त्यानंतर तेरा वर्षांनी, २६ मे १८८७ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, मुंबई-साष्टीतील आपल्या बांधवांनी 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन केली आणि त्या मृत कंपनीचे नाव आपल्या समाजाला लावून घेतले. नोकऱ्यांसाठी गोव्याहून येणाऱ्या बांधवांपासून आपले वेगळेपण दाखवावे, आपण कंपनी सरकारचे जुने इमानी प्रजाजन आहोत हे सांगावे, असा हेतू होता. पोटापाण्याचा प्रश्न होता. आजच्या सुरक्षित खुर्चीतून त्यांना हसणे बरे नव्हे. तरीही जिने आपले मठ घेतले, चर्चे वाटली, तिचेच नाव आपण कौतुकाने धारण करावे, हे वाचताना मन थबकते.

कंपनी गेली, पण तिच्यासारख्या शेकडो आल्या. १८५५ मध्ये इंग्लंडात व १८५७ मध्ये येथे मर्यादित जबाबदारीचा कायदा आला: कंपनी बुडाली तरी भागधारकाचे नुकसान त्याच्या भागापुरतेच. १८६५ मध्ये कापसाचा फुगा फुटला तेव्हा मुंबईकरांनी या कायद्याच्या छायेत उगवलेल्या कंपन्यांचा पालापाचोळा पाहिला. पुढे १९२१ मध्ये मुळशी पेट्यात झाले ते आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी टाटांच्या वीज कंपनीला मुळा व नीला यांच्या संगमावर धरण बांधावयाचे होते. पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीसाठी वापरला. त्या वर्षी रामनवमीला, १६ एप्रिलला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासोबत होते. काम काही महिने थांबलेही. पण हळूहळू सावकार-जमीनमालकांनी, ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्यांनी, मोबदला घेण्याकडे कल दाखवला. कसणाऱ्या मावळ्याच्या नावावर कागद नव्हता. १९२४ अखेर लढा संपला, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, धरण उभे राहिले. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर विस्ताराने लिहिले आहे. जिज्ञासूंनी ते अवश्य पाहावे. आम्हाला मात्र वाचताना सारखा १६७४ चा पोवो आठवत होता. बैठकीला कोण बसले, यावरच दोन्ही ठिकाणी निकाल ठरला.

ख्रिस्तसभेने या बाबतीत काय केले? उशीर केला, हे प्रथम मान्य करावे. १८९१ मध्ये तेराव्या लिओंनी कामगारांच्या संघटनेचा हक्क मांडला. १९३१ मध्ये अकराव्या पायसांनी आपल्या परिपत्रकात थेट कंपनी-कायद्यावर बोट ठेवले. जबाबदारी वाटून आणि मर्यादित करून टाकल्यामुळे माणसे कंपनीच्या नावाआड लपून घोर अन्याय करतात, अशा आशयाचे त्यांचे विधान आहे. एका पोपमहाशयांनी कल्पित व्यक्तीला कायद्यात स्थान दिले. सहाशे शहाऐंशी वर्षांनी दुसऱ्यांना तिच्याविरुद्ध तक्रार नोंदवावी लागली. १९८४ मध्ये भोपाळ येथे विषारी वायूने हजारो माणसे मेली आणि त्यानंतर मूळ कंपनी कोणती, पोटकंपनी कोणती, कोणत्या देशाचे न्यायालय, यांवर वर्षानुवर्षे खल झाला. १९८९ मध्ये सत्तेचाळीस कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. मृतांच्या नातलगांना त्या तडजोडीविषयी विचारले गेले नव्हते.

आता त्या म्हातारबाबांकडे वळू. हे सारे वाचून झाल्यावर आम्ही पाचही घरच्या मंडळींना धर्मग्रामाच्या सभागृहात एकत्र बोलावले. आँजियरच्या कराराची हकिकत सांगितली. पाचही कागद प्रथमच एका टेबलावर आले आणि आकड्यांतील तफावत पाहून थोडी कुजबुज, थोडा राग, मग थोडा हशाही झाला. एकच दर, एकच करार आणि तोही मराठीत मिळावा, असे पत्र सर्वांच्या सहीने गेले आहे. विचार चालू आहे, असे दोन ओळींचे उत्तर आले. खाली सही नव्या साहेबांची.

पत्रावर सह्या होत असताना आम्ही एक गोष्ट विचारली. त्या वाड्यांच्या बांधावर तीन पिढ्या राबणारे एक वारली कुटुंब झोपडी करून राहते. पट्टी गेली की झोपडी जाणार. त्यांना कंपनीकडून कागद आलेला नाही, आणि आमच्या पत्रातही त्यांचे नाव नव्हते. सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही. एकाने घड्याळ पाहिले. शेवटी बाबांनीच पत्र आपल्याकडे ओढून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "फादर, कागद बदलून आणा. सहावं घर लिहा." दोघांनी तेथेच मान हलवली. उरलेल्या दोघांनी, घरी विचारून सांगतो, असे म्हटले आहे. सुधारलेल्या पत्राचा मसुदा आमच्या कपाटात, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांच्या बाजूला, तीन सह्यांनिशी पडून आहे.